वाशिम स्टाइल!

मनातलं सगळं जगासमोर मांडायचं, की थोडं आत ठेवायचं? पॅरिसमधल्या एका कवीने याच प्रश्नावर अख्खं आयुष्य घालवलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, आपल्या वऱ्हाडातल्या एका गावाचं नाव काव्याच्या एका शैलीलाच मिळालं होतं. ते गाव म्हणजे आजचं वाशिम!

शुक्रवारची रात्र. साडेअकरा वाजलेले. माझी एक मैत्रीण लॅपटॉप उघडून बसली होती. सहा वर्षांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता आणि निरोपाची मेल लिहायची होती. त्या वर्षी तिचे बाबा गेले. दोन महिने ती रजेवर होती. परत आली तर रेटिंग खाली आलेलं आणि प्रमोशन दुसऱ्याच कुणाला मिळालेलं. मग काय, मेल सुरू झाली ती थांबेचना. कोण काय बोललं, कुणी पाठ फिरवली, ती वॉशरूममध्ये जाऊन कितीदा रडली. पावणेदोन पानं! मला फोन करून म्हणाली, ‘‘पाठवू ना? एकदा कळू दे सगळ्यांना.’’

मी म्हटलं, ‘‘एक रात्र जाऊ दे. सकाळी बघ.’’

सकाळी काय झालं ते शेवटी सांगते. मधल्या वेळात तुम्हाला एका फ्रेंच माणसाला भेटवायचंय.

डोळ्यावर मोनोकल, मनावर कुलूप

नाव जरा लांबलचक आहे. शार्ल मारी रने लकाँत द लील. जन्म 1818 चा, हिंदी महासागरातल्या रेयुनियॉं बेटावर. म्हणजे मॉरिशसच्या शेजारी. घरचा उसाचा मळा, आणि मळ्यावर राबणारे गुलाम. शिकायला म्हणून पोरगा फ्रान्सला गेला आणि पुढे पॅरिसलाच स्थिरावला.

तेव्हा पॅरिसमध्ये रोमँटिक कवींचं राज्य होतं. व्हिक्टर ह्यूगो, लामार्तीन, म्यूसे. ‘माझं’ प्रेम, ‘माझं’ दुःख, ‘माझ्या’ रात्री, ‘माझी’ आसवं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कवीचं स्टेटस दर तासाला अपडेट होत होतं आणि लोकांना ते भयंकर आवडत होतं.

लकाँत द लीलला मात्र या प्रकाराचा उबग आला. 1852 मध्ये त्याचा ‘पोएम आंतीक’ हा संग्रह आला. नावाचा अर्थ ‘प्राचीन कविता’. त्याच्या प्रस्तावनेत त्याने सरळ सांगून टाकलं, की हृदयाची जाहीर कबुली देत सुटणं हा एक प्रकारचा गर्व आहे, आणि त्यात त्या दुःखाचीही विटंबना होते. आपल्या पुस्तकात खाजगी भावनांच्या खुणा फारशा सापडणार नाहीत, हेही त्याने आधीच बजावलं. त्याची ओढ कुठे? जुन्या ग्रीसकडे, जुन्या भारताकडे. आणि शब्द कसे? घासूनपुसून, मापात बसवलेले. एखाद्या पाथरवटाने दगड घडवावा तसे.

‘ले मोंत्रर’ नावाचं त्याचं एक सुनीत आहे. मोंत्रर म्हणजे खेळ दाखवणारे. आपल्याकडे दरवेशी अस्वलाच्या नाकात वेसण घालून गल्लीबोळांतून फिरायचा ना, तेच चित्र डोळ्यांसमोर आणा. गळ्यात साखळी, अंगावर धूळ, भोवती गर्दी. ज्याला आपलं रक्ताळलेलं काळीज असं गर्दीपुढे नाचवायचंय त्याने खुशाल नाचवावं, मी नाही नाचवणार, असा त्या कवितेचा सूर. लाइक्ससाठी जगणाऱ्या आपल्या पिढीला ही चपराक दीडशे वर्षांहून जुनी आहे, हे ऐकून गंमत वाटते की नाही?

1866 मध्ये ‘समकालीन पार्नास’ या नावाने या मंडळींचा कवितासंग्रह निघाला. पार्नास हा ग्रीक कथांमधला कलादेवतांचा डोंगर. त्यावरून हे कवी ‘पार्नासियन’ झाले आणि लकाँत द लील त्यांचा पुढारी. 1885 मध्ये ह्यूगो गेला. फ्रेंच अकादमीतली त्याची रिकामी खुर्ची कुणाला मिळाली असेल? पुढच्याच वर्षी ती लकाँत द लीलला मिळाली. रोमँटिकांच्या सम्राटाच्या जागी, भावनांना कुलूप घालणारा माणूस!

मग वाशिम कुठून आलं?

लकाँत द लील भारताविषयी मिळेल ते वाचायचा. ब्यूर्नूफ या पंडिताने भागवत पुराणाचं फ्रेंच भाषांतर केलं होतं, त्यावरून त्याने ‘भागवत’ नावाची कविता लिहिली. शुनःशेप, शिवधनुष्य, वाल्मीकी, असे सगळे त्याच्या कवितांत येऊन गेले. इकडे कोलकात्यात तरू दत्त या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीने 1874 मध्ये त्याच्यावर इंग्रजीत लेखही लिहिला.

पण तो जी गोष्ट शोधत होता, म्हणजे मापातली आणि स्वच्छ कविता, तिचं भारतातलं नामांकित गाव त्याला ठाऊक असणं अवघडच होतं. ज्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात त्या गावाचा मान सांगितलाय, तो छापून आला 1916 मध्ये, बडोद्याहून. लकाँत द लील 1894 मध्येच गेला होता.

वाशिम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? अकोल्याहून सुटणारी एसटी, दुतर्फा सोयाबीन आणि तुरीची शेतं, बालाजीचं देऊळ. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. बस, एवढंच. पण याच गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. अजिंठ्याच्या काळात दख्खनवर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथे 1939 मध्ये एक ताम्रपट सापडला आणि ही वत्सगुल्मची शाखा इतिहासात पक्की झाली. त्याची गंमत म्हणजे सुरुवात संस्कृतात आणि पुढचा बराचसा भाग प्राकृतात. थोडक्यात, आपल्यासारखंच. मेलचा मायना इंग्रजीत आणि कामाचं बोलणं मराठीत!

रुसलेला नवरा, हुशार नवरी

आता ‘काव्यमीमांसा’तली गोष्ट ऐका. हा ग्रंथ राजशेखराचा, साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा. राजशेखर कनौजच्या दरबारात होता, पण घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं.

सरस्वतीला एक मुलगा झाला. काव्यपुरुष. म्हणजे साक्षात कविताच, माणसाच्या रूपात. एकदा आई ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली आणि याला बरोबर नेलं नाही. झालं! स्वारी रुसली आणि घर सोडून चालती झाली. त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागला. मग गौरीने युक्ती केली. प्रेमासारखं बंधन नाही, असं म्हणत तिने एक मुलगी निर्माण केली. साहित्यविद्यावधू. आणि तिला सांगितलं, जा त्याच्या मागे आणि आण परत.

ती निघाली. पूर्वेला गौड देशात तिने त्याला रिझवून पाहिलं. तिथली बोलण्याची तऱ्हा म्हणजे लांबच लांब समासांची, दणदणीत. गडी ढिम्म. मग पांचालात समास थोडे कमी केले. गडी जरासा विरघळला. शेवटी दक्षिणेत आल्यावर ती मोजकं, गोड, सरळ बोलली, आणि हा पुरता तिचा झाला. त्या बोलण्याचं नाव वैदर्भी रीती. दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या एका नगरात, जिथे मदनाचं क्रीडास्थान होतं म्हणे.

नगराचं नाव? वत्सगुल्म!

मंडळी, विचार करा. कविता आणि साहित्यविद्या यांचं लव्ह मॅरेज वाशिमला लागलंय. तेही गांधर्व पद्धतीने, ना बँड ना बाजा. आणि राजशेखर एवढ्यावर थांबला नाही. आपल्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकाच्या सुरुवातीला त्याने शैलींची नावं घेतली, त्यात एक आहे ‘वच्छोमी’. म्हणजे वात्सगुल्मी. चक्क ‘वाशिमवाली’! कोल्हापुरी म्हटलं की चप्पल आणि पैठणी म्हटलं की साडी, तशी तेव्हा वाशिमवरून कवितेची स्टाइल ओळखता यायची.

या रीतीचे गुण दंडीने सांगून ठेवलेत. वाचल्याबरोबर कळणारं, एकसारख्या चालीचं, गोड, कोवळं, अर्थ न लपवणारं. दहा गुणांच्या त्या यादीत ‘मी किती भोगलं’ हा गुण मात्र कुठेच नाही.

राजा जो कवितेत दिसत नाही

ही शैली वापरणारा वाशिमचा स्वतःचा एक कवी होता आणि तो होता राजा. सर्वसेन. चौथ्या शतकातला, पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा, वत्सगुल्म शाखेचा संस्थापक. त्याने ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं ते संस्कृतात नाही, तर महाराष्ट्री प्राकृतात. आपली मराठी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली ही भाषा. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. सत्यभामा रुसली आणि कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, ती गोष्ट.

राजाने काव्य लिहायचं म्हटल्यावर त्यात आपल्या लढाया आणि आपला पराक्रम सहज घुसडता आला असता. याने निवडली सर्वांच्या मालकीची गोष्ट आणि लक्ष दिलं ती सांगायच्या पद्धतीवर. पाचेक शतकांनी काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. त्यात मुद्दा असा, की कथेत जे रसाला मानवत नाही ते कवीने काढून टाकावं, गरज पडली तर नवं रचावं. उदाहरण म्हणून त्याने कालिदासाचं नाव घेतलं आणि लगोलग सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चं. पुढे कुंतकानेही सुकुमार मार्गाचे कवी म्हणून या दोघांनाच शेजारी बसवलं. कालिदासाच्या बाजूची खुर्ची आणि तीही वाशिमच्या माणसाला!

आणि आता चटका लावणारी गोष्ट. ‘हरिविजय’ आज उपलब्ध नाही. पूर्ण काव्य हरवलंय. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल दिलेल्या तुटक गाथा तेवढ्या उरल्यात. पण बघा, त्या उरल्या कशामुळे? राजा थोर होता म्हणून नव्हे. ‘शब्द असा बसवावा’ हे दाखवायला पुढच्या माणसांना त्या कामाला आल्या म्हणून.

हे सगळं जरा थंड नाही का वाटत?

वाटतं ना? लकाँत द लीलवर हाच आरोप झाला. संगमरवरी कवी, देखणा पण गार. आणि आरोपात तथ्य आहे. त्याच्या काही कविता खरोखर म्युझियममधल्या मूर्तींसारख्या आहेत. बघावं, वाहवा म्हणावं आणि पुढे जावं.

पण या माणसाला काही वाटतच नव्हतं असं म्हणाल तर फसाल. 1848 मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. या निर्णयाच्या बाजूने बेटावरच्या ज्या तरुणांनी पॅरिसमध्ये सह्या केल्या, त्यांत हाही होता. घरचा मळा गुलामांच्या घामावर चालत होता, हे माहीत असूनसुद्धा! घरून पैसे यायचे बंद झाले. पुढची कित्येक वर्षं शिकवण्या आणि भाषांतरं यांवर काढावी लागली. त्याच वर्षीची क्रांतीही फसली. एवढं होऊनही त्याने ‘मी केवढा त्याग केला’ यावर कविता केली नाही.

त्याची ‘ल मांशी’ ही कविता घ्या. मांशी म्हणजे त्या बेटावरची डोली. कानाला आपला ‘मंचक’ आठवतो की नाही? रविवारी सकाळी डोलीतून चर्चला निघालेली एक तरुण मुलगी. डोली वाहणारे भोई हिंदुस्थानातले. झुळझुळीत कापड, बांबूची लय, डोंगर, समुद्र. कवितेभर नुसतं हेच दिसत राहतं. मग कळतं, की ती मुलगी आता समुद्रकाठच्या वाळूत विसावली आहे. आणि अगदी शेवटी एका उद्गारात कवी सापडतो, की ती त्याच्या पहिल्या स्वप्नांमधली होती. एवढंच. पण ती डोली डोळ्यांसमोरून हलत नाही. मरणानंतर कित्येक वर्षांनी, 1977 मध्ये, त्याचे अवशेष पॅरिसहून आणून बेटावर त्याच्या जन्मगावी, समुद्रकाठच्या दफनभूमीत ठेवण्यात आले.

आपल्याकडे तर कवितेचा जन्मच अशा गोष्टीतून सांगतात. व्याधाने क्रौंच पक्षी मारला, वाल्मीकींना शोक झाला आणि त्या शोकाचा श्लोक झाला. लक्षात घ्या, शोकाची किंकाळी झाली नाही. आठ-आठ अक्षरांचे चार चरण, मोजूनमापून. अभिनवगुप्तांनी यावर फार मार्मिक टिप्पणी केलीय. हे दुःख ऋषींचं खाजगी दुःख आहे असं समजू नका, असं ते म्हणतात. दुःख एकाचं राहिलं तर तो माणूस नुसता रडत बसेल, कविता कुठून व्हायची? छंदात आल्यावर ते कुणा एकाचं उरत नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाचं होतं.

लकाँत द लीलने नेमकी वाल्मीकींवरच एक कविता लिहिली, त्यांच्या मृत्यूवर. आपल्या कथेत वारूळ आधी येतं आणि रामायण मागून. त्याने क्रम उलटा केला. रामायण लिहून झालंय, म्हातारे ऋषी डोंगरावर ध्यानात बसलेत आणि मुंग्या त्यांना हळूहळू खाऊन टाकताहेत. त्यांना पत्ताच नाही. माणूस संपला, काव्य उरलं. पार्नासियन कवीचं स्वप्न याहून नेमकं कसं सांगणार? सर्वसेनाच्या वाट्याला मात्र तेही आलं नाही. त्याचा माणूसही संपला आणि काव्यही संपलं. मागे राहिली ती फक्त रीत.

ही स्टाइल डोळ्यांनी बघायचीय?

मग अजिंठ्याला जा. सोळा नंबरचं लेणं वराहदेवाने खोदवून घेतलं. तो वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री. तिथल्या शिलालेखात राजाच्या पूर्वजांची नावं आहेत, आपला सर्वसेनही त्यात आहे. त्याच लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. नवरा संन्यासी झाल्याची बातमी येते आणि ती कोसळते. तिथे छाती पिटणं नाही, आक्रोश नाही. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, बोटं सैल पडलेली. शेजारच्या दासींच्या चेहऱ्यावर काळजी. दीड हजार वर्षं झाली, रंग उडाले, तरी बघणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि एखादा वीकएंड वाशिमलाही काढा. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे साधारण ऐंशी किलोमीटर. बालाजीचं दर्शन घ्या, पद्मतीर्थाच्या काठी जरा बसा. राजवाड्याचे मनोरे वगैरे शोधू नका, तसं काही हाती लागणार नाही. चहाच्या टपरीवर मात्र कान उघडे ठेवा. वऱ्हाडी माणूस दोन शब्दांत काम भागवतो आणि वर टोमणाही मारून जातो. वच्छोमी पूर्ण संपली नसावी, अशी शंका येते!

आणि ती मेल?

हो, ती राहिलीच. शनिवारी सकाळी मैत्रिणीने ती पावणेदोन पानं परत वाचली. बराच वेळ गप्प बसली. मग सगळं पुसलं आणि पाच ओळी लिहिल्या. त्यातल्या तीन आभाराच्या, नेहमीच्या. उरलेल्या दोन अशा होत्या, की बाबांच्या वेळी मी दोन महिने नव्हते. परत आले तेव्हा माझ्या टेबलावरचा मनीप्लांट हिरवा होता. त्याला रोज पाणी कोण घालत होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण ज्यांनी घातलं त्यांना मी विसरणार नाही.

बस्स. तक्रारीचा एक शब्द नाही.

सोमवारी तिला चाळीसएक उत्तरं आली. ज्याच्यामुळे ती दुखावली होती, त्या साहेबांचा दुपारी फोन आला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘मी तेव्हा विचारायला हवं होतं.’’ पावणेदोन पानं वाचून ते असं म्हणाले असते? मला नाही वाटत. त्यांनी उलट पावणेदोन पानांचा खुलासा पाठवला असता.

रेटिंग काही बदललं नाही आणि प्रमोशनही परत मिळालं नाही. म्हणजे पाच ओळींनी न्याय मिळतो असा दावा मी करत नाही. जिथे तक्रार करायची तिथे ती लेखी आणि ठणकावूनच करावी, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. पण मनातलं दुःख दुसऱ्याच्या मनापर्यंत पोचवायचं असेल तर त्याचाही एक फॉर्म असतो. तिने स्वतःला बाजूला केलं आणि रोपटं पुढे ठेवलं. बाकीचं वाचणाऱ्यांनी केलं.

मी तिला सांगितलं, ‘‘तुझी मेल एकदम वाशिम स्टाइल झालीय.’’

ती म्हणाली, ‘‘म्हणजे?’’

म्हटलं, ‘‘अकोल्याचं तिकीट काढ, गाडीत सांगते.’’